यूएसबी लावलं की लॅपटॉप बंद पडतोय? फॉरमॅट मारायच्या आधी हे करून बघा

यूएसबीत काहीही लावलं की लॅपटॉप फट्कन बंद, ही तक्रार घेऊन दुकानात गेलात तर पहिलं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं, विंडोज परत टाकूया. मला ह्या उत्तराचा मनापासून राग येतो, कारण फॉरमॅट मारला की माणसाचा डेटा जातो, पैसे जातात, दोन दिवस काम बंद राहतं आणि आजार असतो तिथेच राहतो. माझ्या मामेबहिणीच्या बाबतीत नेमकं हेच झालं म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

ताईचं चिपळूणला आपले सरकार सेवा केंद्र आहे. उत्पन्नाचे दाखले, सातबारा, पीएम किसानची केवायसी, कॉलेजचे फॉर्म, आणि जून-जुलैत तर ॲडमिशनमुळे श्वास घ्यायला वेळ नसतो. ह्या धंद्यात लॅपटॉपपेक्षा त्याचे पोर्ट जास्त राबतात, म्हणजे अंगठ्याचं मशीन, प्रिंटर, वेबकॅम, शिवाय गिऱ्हाईक येतं ते स्वतःचा पेनड्राइव्ह घेऊनच. तिचा फोन आला की अगं अंगठ्याचं मशीन लावलं की लॅपटॉप मरतोच, बाहेर म्हातारी माणसं बसलीत केवायसीसाठी, काय करू. तोपर्यंत एका दुकानात फॉरमॅट मारून झाला होता, स्कॅन करून ठेवलेली जुनी कागदपत्रं गेली होती, आणि तरीही बंद पडतोय म्हटल्यावर तिला सांगण्यात आलं की मदरबोर्ड गेलाय, नवीनच घ्या. पोर्टमध्ये टॉर्च मारून कोणी बघितलंसुद्धा नव्हतं.

तर सगळ्यात आधी बघायचं ते हे की लॅपटॉप बंद कसा पडतो. तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि लोक तिन्हीला "बंद पडला" म्हणतात. एक, स्क्रीनवर शटिंग डाउन असं लिहून येतं आणि मग बंद होतो, तिथे विंडोजने स्वतः ठरवून बंद केलंय. दोन, निळी स्क्रीन येते किंवा लॅपटॉप आपोआप रीस्टार्ट होतो, तिथे ड्रायव्हरचा, म्हणजे डिव्हाइस चालवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरचा, संशय घ्यायला हरकत नाही. (निळी स्क्रीन आल्यावर विंडोज आपोआप रीस्टार्ट होतं, त्यामुळे कधीकधी ती दिसतच नाही, सिस्टिमच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये स्टार्टअप अँड रिकव्हरी आहे, तिथली ऑटोमॅटिकली रीस्टार्टची टिक काढली की ती थांबते आणि वाचता येते.) आणि तीन, कुठलीही सूचना नाही, पंखा, लाइट, स्क्रीन सगळं एका क्षणात गेलं, जणू कोणी वायर उपटली. ताईचं हे तिसरं होतं. असं होतं तेव्हा विंडोजला काय झालं हे कळायलाही वेळ मिळत नाही.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, गेलात तर कर्नेल-पॉवर, इव्हेंट आयडी ४१ असं लाल रंगात दिसेल आणि लोक ते बघून घाबरतात, नेटवर शोधतात, ड्रायव्हर अपडेट करत बसतात. पण ४१ चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मी नीट बंद झालो नव्हतो. तो निकाल आहे, कारण नाही. त्याच्या डिटेल्समध्ये बगचेककोड, म्हणजे निळ्या स्क्रीनचा एरर नंबर बघा, तो शून्य असेल तर साधारणपणे निळी स्क्रीन वगैरे काही झालेली नाही, सरळ पॉवर गेलीय.

आता सगळ्यात सोपी आणि सगळ्यात कमी लोक करतात ती टेस्ट. लॅपटॉप चालू करताना एफ२ किंवा डिलीट किंवा तुमच्या मॉडेलचं जे बटण असेल ते दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये जा. तिथे विंडोज लोडच झालेलं नसतं. बायोसच्या स्क्रीनवर थांबून यूएसबी लावा. तिथेही बंद पडला तर विंडोज, ड्रायव्हर, व्हायरस, अपडेट ह्या सगळ्यांची सुटका झाली, आता फक्त हार्डवेअर बघायचं. ही टेस्ट फुकट आहे, पाच मिनिटांची आहे, आणि फॉरमॅटच्या आधी ती केली असती तर ताईच्या फाइली वाचल्या असत्या.

मी तिला फोनवरच हे करायला लावलं आणि लॅपटॉप बायोसमध्येही बंद पडला. मग शनिवारी मीच चिपळूणला गेले.

पुढची टेस्ट माझी आवडती आहे. प्रिंटरची केबल घ्या, प्रिंटरच्या बाजूचं टोक मोकळं सोडा, आणि नुसती केबल लॅपटॉपला लावा. दुसऱ्या टोकाला काहीच नाही म्हणजे करंट ओढणारं कोणी नाही. तरी बंद पडला तर डिव्हाइस जास्त पॉवर खातंय हा मुद्दाच संपला, गडबड पोर्टच्या आतच आहे. (केबल स्वतः शॉर्ट नाही ना हे कळायला तीच केबल दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघायची.) डाव्या बाजूच्या पोर्टमध्ये नुसती केबल गेली आणि लॅपटॉप गप्पकन बंद. उजव्या बाजूला काही झालं नाही.

मग लॅपटॉप पूर्ण बंद केला, चार्जर काढला, मागचं झाकण उघडून बॅटरीचा कनेक्टर काढला. हे केल्याशिवाय पोर्टमध्ये काहीही घालू नका, सुई, पिन, स्क्रूड्रायव्हर तर अजिबातच नको. टॉर्चच्या उजेडात बघितलं तर आतली प्लास्टिकची जीभ एका कोपऱ्यात तुटलेली, आणि कडेची एक पिन तिच्या खाचेतून निघून बाहेरच्या पत्र्याच्या कवचाकडे वाकलेली. साध्या यूएसबीत चार पिना असतात, मधल्या दोन डेटाच्या, कडेच्या दोन पॉवरच्या. पहिली पाच व्होल्टची, चौथी ग्राउंडची. बाहेरचं कवचही जवळपास नेहमी ग्राउंडलाच जोडलेलं असतं. म्हणजे कडेची पाच व्होल्टची पिन वाकली तर तिचा सगळ्यात जवळचा शेजारी हे कवचच, आणि टेकली की थेट शॉर्ट.

पण मग पोर्ट रिकामं असताना लॅपटॉप चालतो कसा? हे मला नुसत्या डोळ्यांनी बघून मान्य करायचं नव्हतं, म्हणून एक जुनी केबल मधूनच कापली. लाल वायर पाच व्होल्टची, काळी ग्राउंडची, हिरवी-पांढरी डेटाच्या. कापलेला तुकडा पोर्टमध्ये घातला आणि मल्टिमीटर कंटिन्यूइटीवर (दोन टोकं आतून जोडलेली असली की तो वाजतो) ठेवून लाल-काळ्यावर लावला, मीटर वाजला. उजव्या पोर्टमध्ये तोच तुकडा, मीटर गप्प. म्हणजे पिन एरवी कवचापासून केसभर लांब राहायची आणि आत प्लग शिरला की तो तिला ढकलून कवचाला टेकवायचा. ताईला हे तिच्या डोळ्यांसमोर दाखवलं तेव्हा ती म्हणाली, एवढ्या पत्र्यासाठी मला नवीन लॅपटॉप घ्यायला सांगत होते होय गं?

एका पोर्टच्या शॉर्टने अख्खा लॅपटॉप का जातो, हेही सांगते. बऱ्याच लॅपटॉपच्या बोर्डावर पाच व्होल्टची एक मुख्य लाइन असते आणि तिच्यावर यूएसबीशिवाय बाकीचेही भाग अवलंबून असतात. खालच्या मजल्यावर कोणी नळ पूर्ण सोडला की वरच्या मजल्याला पाणी चढत नाही, तसं शॉर्ट झाला की सगळा करंट तिकडे जातो आणि लाइनचे व्होल्ट खाली बसतात. ती लाइन बनवणारी चिप हे बघते आणि स्वतःला वाचवायला सगळं बंद करते. ती बंद झाली हे खरं तर चांगलंच, नाहीतर काहीतरी जळलं असतं. काही लॅपटॉपमध्ये चिप असं बंद केल्यावर अडून बसते, पॉवर बटण दाबूनही चालू होत नाही, चार्जर काढून बटण अर्धा मिनिट दाबून धरावं लागतं. ताईला हा अनुभव होता आणि तिला वाटायचं बटणच खराब झालंय.

चांगल्या डिझाइनमध्ये प्रत्येक पोर्टच्या आधी करंट मर्यादित करणारा एक छोटा स्विच असतो, मग शॉर्ट झाला तरी तेवढंच पोर्ट बंद होतं आणि विंडोज पॉवर सर्जचा मेसेज दाखवतं. काही बोर्डांवर मात्र नुसता रिसेटेबल फ्यूज टाकतात, तो तापला की मग तोडतो, आणि त्याला तापायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात पाच व्होल्ट खाली आलेले असतात.

सुदैवाने डावीकडचं पोर्ट मदरबोर्डवर नव्हतंच, वेगळ्या छोट्या बोर्डावर होतं, रिबन केबलने जोडलेलं. बऱ्याच लॅपटॉपमध्ये एका बाजूची पोर्ट अशीच असतात. तो यूएसबी बोर्ड मॉडेल नंबर सांगून वेगळा मिळतो, पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला चौकशी करा, ऑनलाइनही मिळतो, आणि नवीन लॅपटॉपच्या पुढे तो खर्च काहीच नाही. बोर्ड येईपर्यंत मी रिबन काढून ठेवली आणि पोर्टवर चिकटपट्टी लावली, म्हणजे घाईत कोणी परत काही खुपसणार नाही. पोर्ट मदरबोर्डवरच असेल तर ते काढून नवीन सोल्डर करावं लागतं, पण तेही चिप लेव्हल रिपेअर, म्हणजे बोर्डावरचे सुटे भाग बदलून दुरुस्ती, करणाऱ्याचं रोजचं काम आहे.

इथे सगळं संपेल असं वाटलं होतं पण नाही. लाइट गेली, लॅपटॉप बॅटरीवर आला, ताईने बॅकअपसाठी उजव्या पोर्टला एक्स्टर्नल हार्ड डिस्क लावली आणि लॅपटॉप परत बंद. बॅटरी चाळीस टक्के दाखवत होती. चार्जरवर तीच डिस्क त्याच पोर्टला व्यवस्थित चालली. हा दुसरा आजार, आणि पहिल्याशी ह्याचा काही संबंध नाही.

यूएसबी २.० चं पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं म्हणजे अडीच वॅट, ३.० चं ९०० म्हणजे साडेचार वॅट. फिरणारी हार्ड डिस्क सुरू होताना क्षणभर बराच जास्त करंट मागते. धडधाकट बॅटरीला साडेचार वॅट म्हणजे काहीच नाही. पण बॅटरी म्हातारी झाली की तिचा आतला रेझिस्टन्स वाढतो, लोड आला की व्होल्ट पटकन पडतात, आणि टक्के दाखवणारा आकडा मात्र चाळीसच असतो. कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी, मग स्पेस, स्लॅश, बॅटरीरिपोर्ट (powercfg /batteryreport) असं टाइप करा, एक फाइल तयार होते, त्यात डिझाइन कपॅसिटी (बॅटरीची मूळ क्षमता) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आत्ता उरलेली) बघा. ताईची बॅटरी मूळ क्षमतेच्या एक तृतीयांशावर आली होती. हार्ड डिस्कने काही वाकडं केलं नव्हतं, तिने फक्त बॅटरीची खरी अवस्था उघडी पाडली. बॅटरी फुगलेली दिसली, टचपॅड वर उचललं गेलंय असं वाटलं, तर मात्र बाकी सगळं सोडून आधी ती बॅटरी काढायला लावा.

अजून एक गोष्ट आपल्याकडे फार दुर्लक्षित असते, अर्थिंग. लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या आल्यासारखं होतं ना, ते चार्जर चालू असताना अर्थ नसल्याचं लक्षण. अशा लॅपटॉपला नीट अर्थ असलेला प्रिंटर लावला की प्लग टेकताना बारीक ठिणगी पडते आणि तेवढ्याने लॅपटॉप हँग किंवा रीस्टार्ट होऊ शकतो. तुमचा लॅपटॉप फक्त चार्जर लावलेला असताना आणि फक्त प्रिंटर लावतानाच बंद पडत असेल तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. थ्री-पिन सॉकेट दिसतं म्हणून आत अर्थची वायर असेलच असं नाही. आणि कोकणात दमट हवा, समुद्राकडे खारा वारा, त्यामुळे पिनांवर हिरवट थर चढतो तो वेगळाच. तो आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने निघतो, अर्थात बॅटरी काढूनच, आणि पूर्ण वाळू देऊनच परत जोडायचं.

ताईचं पोर्ट तुटलं कशामुळे? कोणी मुद्दाम तोडलं नाही. साध्या यूएसबी पोर्टसाठी स्टँडर्डमध्ये १५०० वेळा घालणं-काढणं एवढीच अपेक्षा धरलेली आहे. घरी हे वर्षानुवर्षं पुरतं. पण सेवा केंद्रात समजा दिवसाला वीस वेळा काही ना काही आत-बाहेर झालं तर १५०० हा आकडा अडीच महिन्यांत गाठला जातो. पोर्ट त्यानंतर लगेच मरत नाही, चांगलं पोर्ट त्याच्या कितीतरी पुढे जातं, पण केवायसीवाल्या, झेरॉक्सवाल्या, सीएच्या ऑफिसातल्या लोकांनी हा हिशोब डोक्यात ठेवायलाच हवा. म्हणून मी ताईला एक हब, म्हणजे एका पोर्टची अनेक पोर्ट करणारा डबा, घेऊन दिला, स्वतःचा अडॅप्टर असलेला. तो लॅपटॉपला एकदा लावला की काढायचा नाही, सगळी ओढाताण हबच्या पोर्टवर होऊ द्यायची, हब खराब झाला तर नवीन आणता येतो. शिवाय डिव्हाइसला लागणारी पॉवर अडॅप्टरकडून येते, लॅपटॉपवर भार नाही. घेताना एक बघा, लॅपटॉप बंद आणि चार्जर काढलेला असताना हबचा अडॅप्टर चालू करा, लॅपटॉपवर कुठलाही लाइट लागला तर तो हब उलट्या बाजूने करंट ढकलतोय, तो परत करा.

सी टाइपवाल्यांनीही ह्यातलं बरंच लागू पडतं असं समजा. तिथे घालण्या-काढण्याची अपेक्षा १०,००० वेळांची आहे, पण एवढ्याशा जागेत २४ पिना असतात आणि चार्जिंगला २० व्होल्ट किंवा त्याहूनही जास्त येऊ शकतात, त्यामुळे कचरा किंवा ओल शिरली तर नुकसान पाच व्होल्टपेक्षा जास्त होतं. खिशातल्या-पर्समधल्या धाग्यांचा गोळा त्यात हमखास साचतो, तो सगळं बंद करून लाकडी टूथपिकने अलगद काढायचा, आणि केबल आत गेल्यावर ढिली हलत असेल तर आधी केबल बदलून बघा, मग पोर्टकडे वळा.