आत्याच्या प्रश्नाचं उत्तर

डेझी घोडी गेली हे ग्वाल्हेरच्या घरी सगळ्यांना कळलं होतं. कशी गेली ते मी सुट्टीत आले तेव्हा सांगितलं, आणि आत्याने विचारलं, "अगं, पाय दुखत होते ना नुसते? मग मारलीत कशाला?" ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरात घोडा परका नाही. पणजोबा शिंद्यांच्या रिसाल्यात होते, खंडेनवमीला अजून त्यांच्या रिकिबी पूजेत असतात. म्हणून आत्याला नीट उत्तर द्यायला हवं.

डेझी आमच्या शेजारच्या आजींची घोडी. इंग्लंडमधल्या सॉमरसेटच्या त्या खेड्यात मी नवीन होते, तेव्हा आजींनी तिला संध्याकाळचा चारा घालायचं काम माझ्याकडे दिलं. मी तिच्याशी मराठीतच बोलायचे. कान माझ्याकडे वळवून ती ऐकत राहायची. त्या गावात माझी भाषा ऐकून घेणारं तेव्हा दुसरं कोणी नव्हतं.

म्हाताऱ्या घोड्यांना मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीचा एक आजार होतो, कुशिंग्ज. उन्हाळा आला तरी अंगावरचे लांब केस झडत नाहीत. डेझीचे झडले नाहीत, रक्त तपासलं, गोळी सुरू झाली. पण या आजारापाठोपाठ पुष्कळदा लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतल्या सुजेचा आजार, येतो, तसा तो आला.

आत्या, खुराच्या आत एक हाड असतं. नाजूक पापुद्र्यांनी ते खुराच्या भिंतीला घट्ट धरलेलं असतं. हे पापुद्रे सुजून सुटायला लागले की अंगाच्या भाराने हाड फिरतं, खाली खचतं, आणि फारच वाढलं तर तळव्यातून बाहेरही येऊ शकतं. चारपाचशे किलोचं जनावर, त्यातला निम्म्याहून जास्त भार पुढच्या दोन पायांवर. माणसाचा पाय मोडला तर त्याला महिनाभर खाटेवर ठेवता येतं. घोडा फार वेळ आडवा राहिला तर त्याच्याच वजनाखाली स्नायू आणि फुप्फुसं दबतात. उभं राहावं तर प्रत्येक क्षण वेदनेचा, आणि पडून राहायची सोय नाही.

उपाय सगळे केले. हिरवं गवत बंद, कारण त्यात साखर. वाळलेलं गवतसुद्धा साखर उतरावी म्हणून पाण्यात भिजवून द्यायचं. पायाखाली भुशाचा जाड थर, खुरांना मऊ आधार, दुखणं कमी करणारी औषधं. मध्ये ती सावरली, फाटकापर्यंत चालत आली. नंतरच्या एक्स-रेत हाड आणखी खाली गेलेलं दिसलं. डॉक्टरीणबाईंनी आजींना स्पष्ट सांगितलं आणि आजींनी दुसऱ्या दिवशीची सकाळ ठरवली. आणखी चार दिवस ठेवलं असतं तर ते आमच्यासाठी झालं असतं, तिच्यासाठी नाही. हे मला तेव्हाही पटलं होतं, आजही पटतं.

सकाळी तिला एरवी साखरेमुळे बंद केलेली सफरचंदं दिली, हवी तेवढी. घोडा खाली पडताना कोणाला जवळ थांबू देत नाहीत, म्हणून जे बोलायचं ते मी आधीच बोलून घेतलं. गुंगीचं इंजेक्शन, मग मानेतल्या शिरेत औषध. गुडघे वाकले आणि ती खाली गेली. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ छाती ऐकली, डोळ्याला हलकेच बोट लावून पाहिलं. मग तिच्या सोबतच्या तट्टूला आणून सोडलं. सोबत्याला पाहू दिलं नाही तर तो हाका मारत शोधत राहतो, असं तिथले घोडेवाले सांगतात. त्याने तिला हुंगलं, मानेवरून नाक फिरवलं, आणि थोड्या वेळाने आपणच बाजूला जाऊन चरायला लागला. आजी तेव्हा रडल्या.

आता लग्नसराईत वरात दिसली की माझी नजर घोडीच्या पायांकडे जाते. पुढचे पाय पुढे टाकून, भार मागे घेऊन उभी असेल, वळताना अडखळत असेल, खूर हाताला गरम लागत असतील, तर ती अडेलपणा करत नाही, तिला दुखतंय. घोडीवाल्याला तेवढं सांगा आणि पशुवैद्यांना बोलवायला लावा. लवकर लक्षात आलं तर पुष्कळ घोडे यातून बरे होतात.