तुम्ही विचारलेत म्हणून : एवढे बळ कुठून आणता?

मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे हे कळले की लोक आधी आजाराची चौकशी करतात आणि निघताना, चप्पल पायात सरकवता सरकवता, हमखास विचारतात, ‘पण एवढं बळ तुम्ही आणता कुठून?’ प्रश्नामागे आपुलकी असते, त्यामुळे आजवर हसून वेळ मारून नेत आले. विचारणाऱ्याला मनाच्या उभारीबद्दल ऐकायचे असते. मला मात्र सुरुवात शरीरापासूनच करावी लागते.

या आजारात आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसा यांतील तंतूंवर असलेल्या मायलिन नावाच्या आवरणावर उलटते. आवरण जिथे झिजते तिथे संदेश रेंगाळतात किंवा पोचतच नाहीत. पॅरिसच्या झाँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ साली रुग्णांची लक्षणे आणि मेंदूतील चट्टे यांची सांगड घातली. तेच चट्टे आज एमआरआयमध्ये पांढऱ्या ठिपक्यांसारखे दिसतात. चट्टा कुठे पडला यावर लक्षण ठरत असल्यामुळे दोन रुग्णांचा आजार सहसा एकसारखा नसतो. मी मुद्रितशोधनाचे काम करते आणि माझ्याकडे तो नेमका डोळ्यातून आला. डावा डोळा फिरवला की आत दुखायचे आणि त्या डोळ्याला लाल शाई विटकरी दिसायची. सलाईनमधून स्टिरॉइड दिल्यावर नजर बरीचशी परतली, पण लाल रंग अजूनही दोन डोळ्यांना दोन तऱ्हांचा दिसतो. उजवा डोळा मिटून प्रूफ पाहिले, तर समासातल्या माझ्या ताज्या खुणाही फिकट पडल्यासारख्या वाटतात.

याहून रोजचा त्रास म्हणजे थकवा, आणि तो झोपून जात नाही. नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीत पाणी सकाळी ठरावीक वेळ येते. त्या वेळात भरून घेतले ते दिवसभर पुरवायचे. माझ्या ताकदीचेही तसेच आहे. म्हणून प्रुफे सकाळी वाचते, बँकेचे किंवा बाजाराचे काम त्याच दिवशी काढत नाही, आणि कणीक मळायला बसूनच घेते. संध्याकाळी गडकरी रंगायतनला नाटक असेल तर दुपार पूर्ण आडवे होऊन काढायची, हे घरात सगळ्यांनाच ठाऊक आहे. माझ्या सासूबाई तर त्या दुपारी दाराची बेल वाजण्याआधीच उठून दार उघडतात.

उन्हाळा हा वेगळाच विषय आहे. अंगातली उष्णता वाढली की झिजलेल्या तंतूंमधून संदेश आणखी अडखळतात. नजर धुरकट होते, पाय जड होतात. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म ऊटहोफ यांनी १८९० साली याची नोंद केली होती. एमआरआय येण्यापूर्वी तर संशयित रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणे वाढतात का, हे पाहत असत. ती तपासणी मे महिन्यातले ठाणे माझ्यावर फुकटात करते. पण उष्णतेमुळे वाढलेल्या या लक्षणांमुळे नवे नुकसान होत नाही आणि अंग थंड झाले की ती ओसरतात, हे डॉक्टरांनी समजावून सांगितले तेव्हापासून तलावपाळीच्या बाकावर अचानक पाय जड झाले तरी मी घाबरत नाही. पाण्याची बाटली मानेला लावते आणि बसून राहते. मला मिळालेल्या धीराचा फार मोठा भाग अशा माहितीतूनच आलेला आहे.

आजार असूनही शिखरे सर करणाऱ्यांचे व्हिडिओ मला पुष्कळजण पाठवतात. त्या माणसांचे कौतुक वाटते, पण त्यांचे चट्टे त्यांच्या जागी आहेत आणि माझे माझ्या. मला खरा आधार वाटतो तो १९९३ या वर्षाचा, कारण त्या वर्षी या आजारासाठी इंटरफेरॉन या औषधाचे पहिले इंजेक्शन अमेरिकेत मंजूर झाले. त्याआधीच्या रुग्णांना पुढचे झटके, म्हणजे नव्याने उफाळणारी लक्षणे, कमी करणारे मान्यताप्राप्त औषधच नव्हते. आज अनेक औषधे आहेत. ती आजार मुळापासून काढत नाहीत आणि खिशाला फार जड पडतात; तरीही मी ज्या काळात आजारी पडले तो काळ मला भाग्याचा वाटतो.

माणसांपैकी कोणाचे नाव घ्यायचे झाले तर मी आमच्या संपादकांचे घेईन. आजाराचे निदान कळवल्यावर त्यांनी धीराचे एक वाक्यही उच्चारले नाही. ते म्हणाले, ‘ताई, पुढची प्रुफे शनिवारी हवीत, जमणार नसेल तर गुरुवारीच सांगा.’ काम काढून घेतले नाही आणि नकाराची वाटही मोकळी ठेवली. कित्येक गुरुवारी मी खरोखरच नकार कळवला आहे, आणि पुढची प्रुफे तरीही माझ्याकडेच आली आहेत.

कायद्यानेही थोडी वाट मोकळी केली. १९९५च्या अपंगांविषयीच्या कायद्यात या आजाराचे नाव नव्हते. २०१६च्या कायद्यातील २१ प्रकारांत ते आले. प्रमाणपत्र हाती पडल्यावर मी ठाणे स्थानकात दिव्यांगांच्या डब्यात चढले तेव्हा हातात काठी नव्हती आणि चेहऱ्यावर आजार दिसत नव्हता. डब्यातल्या नजरा माझ्या पायांकडे वळल्या आणि मी पर्समध्ये कार्ड शोधू लागले. कुबड्या शेजारी टेकवून बसलेले एक काका सरकले आणि म्हणाले, ‘बाहेरून दिसत नाही, असंच ना? मग आधी बसा. उभं राहून कुणाकुणाला पटवणार?’ आता धडधाकट दिसणारी एखादी मुलगी त्या डब्यात बिचकत चढली की मी आधी सरकते आणि मग, तिला बोलावेसे वाटत असेल तरच, चौकशी करते.