घेतलेलं नाणं मांडून का बसता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तसं सगळेच विचारतात. नणंद विचारते, बँकेतल्या जुन्या मैत्रिणी विचारतात, परवा सोसायटीच्या वॉचमननंही विचारलं. "नाणी घेता ते ठीक आहे. पण घेतलेलं नाणं कपाटात ठेवायचं सोडून दर महिन्याला चारचौघांपुढे मांडून का बसता? नजर लागते, आणि चोराला आमंत्रण ते वेगळंच."

चोराचं आधी मिटवते. माझा सगळा ऐवज पळवला तरी त्याला तो विकायला आमच्याच नाणी जमवणाऱ्या मंडळींकडे यावं लागेल, आणि आमची मंडळी त्याला आधी बसवून घेऊन "हे कुठं मिळालं, केवढ्याला मिळालं" इथून सुरुवात करतील. बिचारा कबुलीजबाब देऊन सुटेल.

मी बँकेत रोखपाल होते. तेवीस वर्षं पैसे मोजले, पण नाणं म्हणून कधी बघितलं नव्हतं. एकदा चिल्लरीच्या पिशवीत सालाखालची खूण दिसली आणि घोटाळा झाला. हिरा असेल तर मुंबईची टांकसाळ, तारा असेल तर हैदराबादची, ठिपका असेल तर नोएडाची, आणि काहीच नसेल तर कोलकात्याची. त्या दिवसापासून काउंटरची रांग वाढली आणि मॅनेजरची बोलणी सुरू झाली.

निवृत्त झाल्यावर पुण्याच्या जुन्या बाजारात जायला लागले. तो बुधवारी आणि रविवारी भरतो. बाईमाणूस खाली बसून भंगार उपसतंय म्हटल्यावर विक्रेते आधी पितळेचे डबे पुढे करायचे. आता करत नाहीत. एक जण तर लांबूनच ओरडतो, "ताई, तांबं आलंय!"

महिन्यातल्या एका रविवारी आम्ही सहा जण एकाकडे जमतो. टेबलावर जाड टॉवेल अंथरलेला असतो, म्हणजे नाणं पडलं तरी कडेला मार बसत नाही. एक भिंग, एक सोनाराचा काटा आणि चहा. चहा टेबलावर नाही, खिडकीत. नवीन घेतलेलं नाणं टॉवेलवर ठेवायचं आणि गप्प बसायचं. ते कडेनं धरून हातोहात फिरतं. कितीला घेतलं हे शेवटी सांगायचं, आधी प्रत्येकानं आपला अंदाज बोलायचा. हा नियम कुणी केला आठवत नाही, पण आधी किंमत कळली की माणूस नाणं बघतच नाही, किंमत बघतो. माझा भाचा याचं चालतंबोलतं उदाहरण आहे. आईच्या पेटीतला भोकाचा पैसा घेऊन येतो आणि विचारतो, "लाख मिळतील ना? व्हिडिओत सांगितलंय." त्याला 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेनं काढलेला इशारा वाचून दाखवला. जुन्या नाणी-नोटांच्या खरेदी-विक्रीसाठी बँकेचं नाव वापरून कमिशन आणि कर मागणाऱ्या भामट्यांबद्दल होता तो. तेव्हापासून तो माझ्याशी जरा तुटकच बोलतो.

तर मांडून का बसते? कारण एकदा मांडलं नव्हतं.

सहाव्या जॉर्जचा 1939 चा रुपया क्वचितच हाती लागतो. मला तो एका गल्लीतल्या दुकानात साडेचार हजारांना मिळाला. खरं तर एवढ्या स्वस्तात मिळाला तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं. घरी आणून वजन केलं, 11.66 ग्रॅम. लाकडी पाटावर टाकून बघितला, खणखणीत वाजला. चार महिने मी तो कुणाला दाखवला नाही. दुकानाचा पत्ता मंडळींना कळू नये, असं स्वतःला सांगत होते. आत कुठंतरी धाकधूक होती, ती आता कबूल करते.

शेवटी एका रविवारी टॉवेलवर ठेवला. आमच्यातल्या एका काकांचं आयुष्य कारखान्याच्या टूलरूममध्ये गेलं. त्यांनी भिंग लावलं, नाणं उजेडाकडे तिरकं केलं आणि मला जवळ बोलावलं. सालातला एक, नऊ, तीन हे आकडे जमिनीतून वर आल्यासारखे गोलसर. शेवटच्या नवाच्या खालच्या पोटाची डावी बाजू मात्र सपाट तासलेली, आणि तिथल्या चांदीवर केसाएवढे बारीक ओरखडे, सगळे एकाच दिशेला. मूळचा आठ होता. त्याचं खालचं वेटोळं डावीकडे कापून नऊ केला होता. वजन बरोबर, आवाज बरोबर, कारण रुपया खराच होता, 1938 चा. खोटा होता तो फक्त एक आकडा. काका एवढंच म्हणाले, "हा बसलेला नाही, बसवलेला आहे." कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

तो रुपया मी टाकला नाही. दर वेळी नवीन माणूस आला की आधी तोच फिरतो.

पण फसवणूक कळते म्हणून मांडायचं, एवढंच नाही. गेल्या महिन्यात मी तीन शिवराया घेतल्या, एकशेवीस रुपयांना एक. दुदांडी शिवराई म्हणतात तिला, मागच्या बाजूला 'छत्र' आणि 'पति' यांच्यामध्ये दोन आडव्या दांड्या असतात म्हणून. लोकांना वाटतं शिवराई म्हणजे 1674 च्या राज्याभिषेकाचीच. पण महाराजांनी सुरू केलेलं हे तांब्याचं नाणं पुढे पेशवाईत परवान्यावर चालणाऱ्या खासगी टांकसाळींमधूनही पडत राहिलं आणि एकोणिसाव्या शतकातही बाजारात चालत होतं. प्रत्येक ठिकाणचा कोरणारा वेगळा, त्याचं अक्षर वेगळं, शुद्धलेखन तर फारच वेगळं. कुठं 'शिव', कुठं 'सीव'.

आणि मुख्य गोष्ट म्हणजे ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान. वरून घाव घालायचा, चकती जिथं सरकेल तेवढंच उमटणार. त्यामुळे एकाच शिवराईवर 'श्री राजा शिव' हा पूर्ण मजकूर सहसा सापडत नाही. माझ्या एका नाण्यावर 'राजा' ठसठशीत होतं, 'शिव' अर्धं, आणि 'श्री'चा पत्ताच नाही. टॉवेलवर ठेवल्यावर समोरच्या बाईंनी आपल्या अल्बममधून एक काढून शेजारी ठेवली. तिच्यावर 'श्री' होता आणि 'राजा'चा वरचा भाग. 'रा'ची तीच वाकडी शेपटी, कानाही तसाच डावीकडे कललेला. म्हणजे दोन्ही एकाच ठशाच्या. मग काकांनी डब्यातून आणखी दोन काढल्या, त्यातल्या एकीवर खालचा 'व' आणि कडेचे मणी होते. तीन नाणी अशी तिरकी लावल्यावर पहिल्यांदा तो अख्खा ठसा दिसला. तो कोरणारा गेला, ठसा गेला, टांकसाळ कुठली तेही माहीत नाही. आणि हे तिघांच्या तीन कपाटांत पडून होतं.

आमच्यातल्या एकाकडे नहपान या क्षत्रप राजाचा चांदीचा छोटा नाणा आहे (तो 'नाणा'च म्हणतो, दुरुस्त करणं आम्ही सोडलंय). त्याच्यावर क्षत्रपाचा चेहरा आणि चेहऱ्यावरच सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं उमटवलेला तीन कमानींचा चैत्य. 1906 मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला अशा नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त. त्यातल्या जवळजवळ दोन तृतीयांश नाण्यांवर सातकर्णीचा शिक्का होता. सगळी एकत्र मोजली गेली म्हणून कोण हरलं, कोण जिंकलं हे नाण्यांवरून सांगता आलं. तीच एकेक करून शंभर दुकानांत गेली असती, तर प्रत्येकाकडे एक खराब झालेला चेहरा उरला असता. म्हणून "शेतात कुदळीला लागलं" म्हणत कुणी गाठोडं आणलं की आम्ही हात लावत नाही. 1878 च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचा गुप्तधनाचा साठा सापडला तर कलेक्टरला कळवायचा असतो.

आता नजर लागण्याचं. लागते ना! समोरच्या बाईंनी माझ्या तिसऱ्या शिवराईकडे असं बघितलं की मी चहा आणायच्या निमित्तानं ती उचलली. तिच्या दोन दांड्यांच्या मध्ये एक बारीक खूण आहे. मी म्हणते पान, बाई म्हणतात त्रिशूळ, काका म्हणतात तांब्याला लागलेला मार. तासभर वाद झाला. शेवटी काका म्हणाले, घरी मोठं भिंग आहे, नेऊ का? दिली. बदल्यात त्यांची 'व'वाली माझ्याकडे ठेवून गेले, जामीन म्हणून. रात्री कपाट लावताना ती माझ्या दोघींच्या शेजारी ठेवली, आणि पुढच्या रविवारी काका विसरले तर आपण आठवण करायची की नाही, यावर अजून विचार चालू आहे.