लिथुआनिया, आठ रात्री: गाडी न घेता, रेल्वे आणि बसने

बाल्टिकचे बहुतेक आराखडे एका आठवड्यात तीन देश बसवतात: विल्न्युस दोन दिवस, रिगा दोन दिवस, टॅलिन दोन दिवस. त्यात तीन जुनी शहरं पाहून होतात. तळी, वाळूच्या टेकड्या आणि समुद्र मात्र राहून जातात. हा मार्ग म्हणून एकट्या लिथुआनियाचा आहे. विल्न्युस 3 रात्री (त्यातच त्राकाय), कौनास 1, निदा 2, क्लाइपेदा 1 आणि शौल्यायवरून परत विल्न्युसला शेवटची 1. असं वर्तुळ घेतलं की तोच रस्ता पुन्हा तुडवावा लागत नाही. मे मध्य ते सप्टेंबर मध्य हा काळ चांगला. त्यातही जून उत्तम, कारण रात्री दहाच्या सुमारापर्यंत उजेड असतो.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांना मिळून चालणारा एकच. मोठ्यांसाठी शुल्क 90 युरो, 6 ते 11 वर्षांच्या मुलांसाठी 45, सेवा केंद्राचा आकार वेगळा. अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो आणि पंधरा दिवस आधीपर्यंतच. पण शेवटच्या महिन्यावर ढकलू नका, निकालाला 45 दिवसही लागू शकतात. विमा किमान 30,000 युरोंचा हवा. अर्ज कुठल्या देशाकडे करायचा याचा घोळ नेहमी होतो: ज्या देशात सर्वाधिक रात्री, त्याच्याकडे, रात्री समान असतील तर जिथे आधी उतरणार त्याच्याकडे. हॉटेलची आरक्षणं, विमानाच्या तारखा आणि अर्जातला कार्यक्रम या तिन्हींचा मेळ रात्रीगणिक बसला पाहिजे.

मुंबईहून थेट विमान नाही. इस्तंबूलमार्गे गेलात तर शेंगेनची तपासणी विल्न्युसला उतरल्यावर होते. फ्रँकफर्ट किंवा वॉर्सामार्गे गेलात तर ती तिथेच उरकावी लागते आणि रांगेत वेळ जातो, म्हणून दोन विमानांमध्ये किमान अडीच तास ठेवा. विल्न्युस विमानतळावरून रेल्वे सात-आठ मिनिटांत मुख्य स्थानकावर आणते, पण ती ठरावीक वेळांनाच असते. पुढच्या गाडीला बराच अवकाश असेल तर सरळ शहर बस घ्या. मुख्य रेल्वे स्थानक आणि बस स्थानक समोरासमोर आहेत, त्यामुळे मुक्काम त्यांच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर घेतला की पुढचं सगळं सोपं होतं.

चलन 2015 पासून युरो. कार्ड जवळपास सगळीकडे चालतं. गावाकडच्या बसचा चालक आणि बाजारातल्या आज्जी यांच्यासाठी तेवढी वीस-तीस युरोंची चिल्लर बाळगा. कार्डाचं यंत्र ‘रुपयांत घेऊ का’ असं विचारतं तेव्हा युरोच निवडा, नाहीतर दर पडेल तो पडेल. प्लग गोल दोन पिनांचा. आपला मोबाइलचा चार्जर बसतो, लॅपटॉपचा तीन पिनांचा बसत नाही.

स्वच्छतागृहाच्या दारावर ‘एम’ अक्षर दिसलं म्हणून पुरुषांनी आत शिरू नये. ते ‘मोतेरीस’, म्हणजे बायका. पुरुषांसाठी ‘व्ही’, म्हणजे ‘वीराय’. हा शब्द आपल्या ‘वीर’चा सख्खा नातलग आहे. लिथुआनियन भाषेने जुनी रूपं फार जपली आहेत: ‘उग्निस’ म्हणजे अग्नी, ‘दूमाय’ म्हणजे धूर, ‘सूनुस’ म्हणजे मुलगा, संस्कृतातला सूनु. पाट्या वाचताना असे शब्द भेटत राहतात आणि पाठही पटकन होतात.

शाकाहारींनी एक वाक्य घोकून जावं: ‘बे मेसोस’, मांसाशिवाय. पण तेवढ्याने भागत नाही. इथे बटाट्याच्या पदार्थांवर डुकराच्या चरबीचे तळलेले बारीक तुकडे घालायची पद्धत आहे; त्यांना ‘स्पिर्गुचाय’ म्हणतात आणि अनेकांच्या लेखी ते ‘मांस’ नसून वरचा मसाला असतो. त्यामुळे ‘बे स्पिर्गुचू’ हेही सांगा. त्सेपेलिनाय हे बटाट्याचे मोठे उकडलेले गोळे. आतलं सारण बहुतेकदा मांसाचं असतं, ‘वार्श्के’ म्हटलं की पनीरसारखं. एका थाळीत दोन येतात आणि एकानेच पोट भरतं. बिनधास्त खाण्यासारखे पदार्थ म्हणजे ‘बुल्विनाय ब्लिनाय’, बटाट्याची थालीपिठं, सोबत ‘ग्रियेतिने’ म्हणजे आंबट साय. आणि ‘केप्ता दुओना’, लसूण चोळलेला तळलेला काळा पाव. उन्हाळ्यात गुलाबी रंगाचं थंड बीटचं सूप मिळतं, केफिर (ताकासारखं आंबवलेलं दूध) घातलेलं, सोबत वेगळे गरम बटाटे. त्यात उकडलेलं अंडं असतं, नको असेल तर आधी सांगा. नळाचं पाणी खुशाल प्या. बाटलीबंद पेयांवर 10 सेंट अनामत असते. सुपरमार्केटच्या दाराशी असलेल्या यंत्रात रिकामी बाटली घातली की चिठ्ठी मिळते, ती गल्ल्यावर वळती होते. बाटली चेपू नका, चेपलेली यंत्र घेत नाही. दारू दुकानात सोमवार ते शनिवार सकाळी 10 ते रात्री 8, रविवारी दुपारी 3 पर्यंतच, आणि वय 20 पूर्ण हवं.

त्राकाय विल्न्युसपासून 28 किलोमीटर. काही गाड्या थेट जातात, काहींना लेन्तव्हारिसला बदलावं लागतं. तिकीट काढताना पाहून घ्या. स्थानकापासून तळ्यातल्या किल्ल्यापर्यंत अडीच किलोमीटर चाल आहे, पण ती वायफळ नाही: वाटेत काराइम या इथल्या छोट्या तुर्की-भाषिक समाजाची रस्त्याकडे तीन खिडक्या असलेली लाकडी घरं लागतात. त्यांचा ‘किबिनाय’ हा करंजीच्या आकाराचा पदार्थ मुळात मटणाचा, पण पालक-चीजचाही मिळतो. सोमवारी अनेक संग्रहालयं बंद असतात, हे कौनासलाही लक्षात ठेवा.

कौनास रेल्वेने सव्वा तासावर. दोन महायुद्धांमधल्या काळात हीच तात्पुरती राजधानी होती. त्या वेळच्या इमारतींना 2023 मध्ये युनेस्कोचा दर्जा मिळाला. तिथून क्लाइपेदाला रेल्वेने जायचं तर आडवळण पडतं, म्हणून महामार्गाची बस घ्या, पावणेतीन तासांच्या आसपास लागतात.

आता निदा. याच्यासाठी सगळा प्रवास करावा. हे गाव वसलंय 98 किलोमीटर लांबीच्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर: एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला बाल्टिक समुद्र, आणि निम्मी पट्टी रशियाच्या ताब्यात. क्लाइपेदाला फेरीबोटीचे दोन धक्के आहेत आणि इथेच लोक चुकतात: पायी जाणाऱ्यांचा तो ‘जुना’, मोटारींचा तो ‘नवा’, आणि दोन्हींमध्ये चांगलंच अंतर आहे. पायी जाणाऱ्यांनी जुनाच धक्का गाठावा. पलीकडे स्मिल्तिनेला उतरलं की निदाची बस मिळते, सुमारे एक तास. फेरीबोटीचं तिकीट क्लाइपेदाच्या बाजूलाच काढायचं, परतीचं वेगळं लागत नाही. निदातला मुक्काम जुलै-ऑगस्टसाठी दोन-तीन महिने आधी धरा.

निदाजवळची पार्निदिस ही वाळूची टेकडी 52 मीटर उंच आहे. फळ्यांच्या वाटेवरूनच चाला. ही वाळू सरकून पूर्वी अख्खी गावं गाडली गेली आहेत, आणि एकोणिसाव्या शतकात झाडं लावून ती थोपवली तेव्हा कुठे आजची गावं टिकली. पाऊल बाहेर पडलं की गवत तुटतं आणि वारा तिथून वाळू उपसायला लागतो. दक्षिणेकडे भटकत राहू नका, रशियाची सीमा तीन-चार किलोमीटरवर आहे. संध्याकाळी जूनमध्येही स्वेटर आणि वाऱ्याचं जॅकेट लागतं. जंगलात गोचिडी असतात आणि त्यांच्यामुळे मेंदूज्वर होऊ शकतो: पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, परतल्यावर काखा, जांघा आणि गुडघ्यांमागे तपासणी. चिकटलेली गोचीड बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. तेल वगैरे लावू नका.

किनाऱ्यावर अंबरचे, म्हणजे प्राचीन झाडांच्या दगडासारख्या घट्ट झालेल्या राळेचे, तुकडे वाऱ्यानंतर सापडतात. अस्सल अंबर खूप मीठ विरघळवलेल्या पाण्यात तरंगतं, काच आणि दगड बुडतात. मात्र सापडलेला तुकडा खिशात ठेवू नका, काचेच्या किंवा पत्र्याच्या डबीत ठेवा. बाल्टिकच्या किनाऱ्यांवर युद्धकाळातल्या बॉम्बमधलं फॉस्फरस कधीकधी वाहून येतं, दिसतं हुबेहूब अंबरसारखं, आणि कोरडं झालं की पेट घेतं.

क्लाइपेदाला एक दिवस हाती असेल तर शिलुतेमार्गे रुस्ने बेटावर जा. दक्षिण आफ्रिकेत गांधीजींना टॉलस्टॉय फार्मसाठी जमीन देणारे हर्मन कालेनबाख या भागातले. नदीकाठी दोघांचा ब्राँझचा पुतळा आहे, 2 ऑक्टोबर 2015 रोजी उभारलेला. बसेस कमी आहेत, परतीची वेळ आधी बघा.

हाच नियम शौल्यायला. क्रुसांची टेकडी, म्हणजे भाविकांनी रोवलेल्या असंख्य क्रुसांनी भरलेला उंचवटा, शहरापासून 12 किलोमीटरवर. योनिश्किसकडे जाणाऱ्या बसने दोमान्ताय थांब्यावर उतरायचं, पुढे 2 किलोमीटर चालायचं. वाटेवर सावली कमी आहे. सामान जड असेल तर शहरातून टॅक्सी करा आणि तिलाच थांबायला सांगा. बसने जाणार असाल तर निघण्याआधी परतीच्या वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा.