"इंजिन गरम कसं?"

सेकंड-हँड डिझेल गाडी बघायला गेलो होतो. सोबतच्या मेकॅनिक काकांनी बॉनेटवर हात टेकवून एवढंच विचारलं. एजंट म्हणाला, "आत्ताच पार्किंगमधून काढली, सर." पार्किंग म्हणजे समोरचं झाड!

डिझेलचं दुखणं कळतं ते थंड स्टार्टला. हीटर प्लग (थंड इंजिन सुरू होताना आतून तापवणारे) गेलेले असोत, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) उतरलेलं असो, सकाळी पहिल्या सेल्फला गाडी अडखळते, धूर सोडते. एकदा तापली की अगदी सोज्वळ.

काकांनी चालू इंजिनवर ऑइलचं झाकण काढलं. भकाभक धूर. "रिंग-पिस्टनचं काम दिसतंय," म्हणाले आणि हात पुसले.

गाडी एका कंपनीच्या वापरातली. सर्व्हिस रेकॉर्ड वेळच्या वेळी, म्हणून भाव चढा. पण गाडी किती ड्रायव्हरांनी पिळली, हे त्या रेकॉर्डमध्ये कुठे लिहितात?

बीएस-६ (प्रदूषणाचा नियम), म्हणजे एप्रिल २०२० नंतरची डिझेल बघत असाल तर डीपीएफचंही, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचंही विचारा. त्यातली काजळी जळायला साधारण ६०० अंश तापमान लागतं. सिग्नल टू सिग्नल चालणाऱ्या गाडीत ते कुठून येणार? रोजचं रनिंग कमी असेल तर मी म्हणेन, मुकाट पेट्रोल घ्या. मायलेजचा हिशेब एका डीपीएफच्या बिलात संपतो.

शहरातल्या शहरात बीएस-६ डिझेल चालवणारं कुणी आहे का इथे? डीपीएफचा दिवा लागला की काय करता?