टर्व्हिलची गोल वाट आणि बाबांचं कलम १४३

आई-बाबा इकडे आले की पहिला आठवडा लंडनमध्ये निघतो, टॉवर ब्रिज, राणीचा वाडा (आई अजून राणीचाच म्हणते), बोटीतून फेरी वगैरे. त्यानंतर बाबा लंडनजवळच्या आमच्या विकमच्या घरात सोफ्यावर बसून खिडकीतून शेजाऱ्यांची कुंपणं बघायला लागतात. तिसऱ्या दिवशी विचारलंच त्यांनी, "हे कुंपण नक्की कोणाच्या हद्दीत आहे गं?" म्हणलं आता यांना रानात नेलं पाहिजे, नाहीतर हे शेजाऱ्याकडे जाऊन उतारा मागतील.

म्हणून टर्व्हिलला गेलो. आमच्याकडून गाडीने जेमतेम पंचवीस मिनिटं. चिल्टर्न टेकड्यांच्या घडीत लपलेलं एवढंसं गाव, चर्च, पब, थोडासा हिरवळीचा तुकडा आणि गारगोटी आणि विटांची पंधरावीस घरं, बास, संपलं गाव. गारगोटी म्हणजे फ्लिंट, इथल्या चुनखडीच्या जमिनीत नांगराला सारखी लागते, मग लोकांनी तीच भिंतींना वापरली. वरती टेकडीवर पांढरी पवनचक्की, कॉबस्टोन मिल, आता खाजगी मालकीची आहे त्यामुळे आत जाता येत नाही पण खालून कुठूनही दिसते. गाव इतकं गोजिरवाणं आहे की टीव्हीवाले सारखे शूटिंगला येतात. बाबांना त्याचं काही नव्हतं. त्यांना गाडी कुठे लावायची याचं टेन्शन, कारण खरंच जागा नाही तिथे, सकाळी नऊला पोचलात तर ठीक.

सर्क्युलर वॉक म्हणजे काय ते आईला आधी समजावून सांगितलं, की एका वाटेने जायचं आणि दुसऱ्या वाटेने फिरून जिथून निघालो तिथेच यायचं. आई म्हणाली, "म्हणजे प्रदक्षिणा." संपला विषय. आमचे सगळे गड चढायचे त्याच वाटेने आणि उतरायचेही त्याच वाटेने, त्यामुळे मला पहिल्यांदा इकडे हा प्रकार जरा येडपटच वाटला होता, वरती ना देऊळ ना तटबंदी, मग गोल गोल फिरायचं कशाला? पण आता सवय झालीय. इथल्या जवळपास प्रत्येक खेड्याभोवती अशी दोनतीन वेटोळी असतातच, तीन मैलांचं, पाच मैलांचं, आणि शेवट बहुतेक वेळा पबच्या दारात.

तर नकाशा. फोनवर ॲप आहे पण मी कागदाचा नकाशाही नेते, ऑर्डनन्स सर्व्हे म्हणजे इथल्या सरकारी नकाशा खात्याचा एक्सप्लोरर १७१, केशरी कव्हरचा. १:२५,००० म्हणजे नकाशावरचे चार सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर एक किलोमीटर, आणि त्यात शेताची एकेक हद्द दिसते. बाबांनी तो गाडीच्या बॉनेटवर पसरला, चष्मा वर केला आणि चेहरा एकदम फुलला त्यांचा. "हा तर गटनकाशा आहे!" मग बोट ठेवत ठेवत, "आणि ह्या हिरव्या तुटक रेषा?" म्हणलं बाबा ह्या फूटपाथ, पब्लिकच्या वाटा, जरा लांब तुकड्यांच्या त्या घोड्यावरून जायच्या. "पण ह्या तर शेतातून जातायत." हो. "कोणाच्या?" शेतकऱ्याच्या. "आणि तो जाऊ देतो?"

इथून पुढचे चार तास आमच्या घरात सध्या 'वहिवाट वॉक' म्हणून ओळखले जातात.

थोडं बॅकग्राउंड देते. तासगावकडे आमची थोडी जमीन आहे आणि तिकडे जायची जी पाणंद आहे ती शेजारच्या गड्याने दरवर्षी नांगराची एकेक ओळ पुढे सरकवत खाऊन टाकली, आधी बैलगाडी जाईना, मग ट्रॅक्टर जाईना, शेवटी ऊस डोक्यावरून बाहेर काढायची वेळ आली. मी शाळेत असल्यापासून 'मामलेदार कोर्ट ॲक्ट १९०६' (वाट अडवली तर तहसीलदाराकडे दाद मागायचा कायदा) आणि 'महसूल अधिनियमाचं कलम १४३' हे शब्द जेवताना ऐकत आलेय. इतर घरांत आजोबा रामरक्षा म्हणून घेतात, आमच्याकडे कलम १४३, बांधावरून जायचा हक्क. त्यामुळे टर्व्हिलच्या चर्चशेजारी उभं राहून बाबांनी "तो जाऊ देतो?" हे ज्या आवाजात विचारलं त्यात काय काय होतं ते मलाच माहीत.

म्हणलं त्याने जाऊ द्यायचा प्रश्नच नाही. १९४९ साली कायदा झाला, प्रत्येक काउंटीने, म्हणजे जिल्ह्याने, आपापल्या हद्दीतल्या सगळ्या पायवाटांचा नकाशा करायचा, आणि त्या नकाशावर वाट एकदा चढली की ती चढली, जमीन विकली, मालक बदलला, तरी वाट तिथेच. आणि नकाशावर नसलेली वाट लोक वीस वर्षं बिनविरोध आणि न विचारता हक्काने वापरत असतील तर तीही सार्वजनिक धरली जाते, मालकाने मधल्या काळात तशी नाही म्हणून ठोस काही केलं नसेल तर. "म्हणजे वहिवाटच की!" बाबा. हो बाबा, वहिवाटच. हे सगळं काही सरकारच्या मनात आपोआप आलं नाही बरं का, १९३२ साली वर डर्बीशरमधल्या किंडर स्काउटच्या माळावर शेकडो कामगार पोरं मुद्दाम घुसली होती, मालकाच्या राखणदारांशी झटापट झाली आणि पाच जणांना तुरुंगात पाठवलं. बाबा म्हणाले, "बरोबरच आहे, आत गेल्याशिवाय मिळत नाही काही."

वाट गावातूनच चढायला लागते आणि पहिलीच चढण पवनचक्कीची, दमवते. अंतराचा इथला जुना हिशोब आहे, नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश माणसाने १८९२ मध्ये सांगितलेला, तीन मैलांना एक तास आणि वर दोन हजार फूट चढाईला आणखी एक तास. त्याने अर्थातच दर दहा मिनिटांनी थांबून "हे झाड कसलं गं" विचारणारी आई धरलेली नाही. आई साडी, वरती माझा जाड जॅकेट आणि पायात नवे स्पोर्ट शूज, आणि साडी अशी खोचलेली की नऊवारीवाली लाजेल. अर्ध्यात उभं राहून मागे बघितलं तर अख्खी दरी खाली, मध्ये चर्चचा बुटका मनोरा, आणि डोक्यावर घारी. आपल्या घारीपेक्षा तांबूस, शेपटी खोल चिरलेली. ह्या रेड काइट इंग्लंडातून एकोणिसाव्या शतकातच संपल्या होत्या, मग १९८९ पासून पाचसहा वर्षं स्पेनहून पिल्लं आणून इथल्या टेकड्यांत सोडली, आणि आता इतक्या झाल्यात की आमच्या बागेत चहा पिताना पण वर असतात. आईने दशम्यांचा डबा पदराखाली घेतला. म्हणलं आई ती उंदीर-बिंदीर खाते, मेलेली जनावरं खाते. "काही सांगू नकोस, आपल्याकडच्या पण नाहीतरी काय खातात, मंडईत हातातलं नेतात." (तिचं बरोबर होतं. इथेही पिकनिकवाल्यांचे सँडविच उचलतात त्या.)

जंगलात शिरलो तसा वास. आई थांबलीच. "कोण फोडणी देतंय?" बीचच्या झाडांखाली जमीन दिसत नव्हती इतका रानलसूण, वाइल्ड गार्लिक, रुंद पानं आणि चांदण्यांसारखी पांढरी फुलं, मे महिन्याची सुरुवात म्हणजे त्याचा भर. पलीकडे ब्लूबेल्स, पण त्या उतरणीला लागलेल्या, निळ्याचा नुसता धूर राहिलेला. आईला ब्लूबेल्सचं फार काही वाटलं नाही. ती खाली बसून एकेक पान चोळून वास घेत होती, आणि चोळून बघायलाच पाहिजे, कारण त्यातच दुसरी विषारी पानं पण उगवतात, दिसायला साधारण तशीच पण लसणाचा वास नाही. बाबा लगेच, "दुसऱ्याच्या रानातलं आहे ते, हात लावू नका." मी सांगितलं घरापुरती पानं तोडली तर चालतं, मुळासकट उपटायचं नाही, तेवढंच. दोन मुठी पानं डब्यात गेली. घरी शेंगदाण्याच्या कुटात, हिरवी मिरची आणि मीठ घालून खलबत्त्यात कुटली, आणि खरं सांगते, भाकरीबरोबर इतकी भारी लागली की नवरा पुढच्या रविवारी पिशवी घेऊन निघाला होता.

ह्या घोळात माझी वाट चुकली. इथल्या जंगलात झाडांच्या बुंध्यावर पांढरे बाण रंगवलेले असतात, ते बघत जायचं, पण मी पानं बघत होते. फाट्यावर डावीकडे जायचं ते सरळ गेलो आणि पंधरा मिनिटांनी गुडघ्याएवढ्या नेटल्समध्ये. नेटल म्हणजे आपल्या खाजकुयलीची इंग्रज मावसबहीण. आईची साडी वाचली, माझी नडगी नाही. इथले लोक त्यावर डॉक नावाचं पान चोळतात, बहुतेक शेजारीच उगवलेलं असतं, त्याने फरक पडतो की चोळण्यात वेळ जातो म्हणून आग विसरते ते देव जाणे. बाबांनी नकाशा माझ्या हातातून काढून घेतला तो परत दिलाच नाही.

आणि त्यांनी बरोबर फिंजेस्टला उतरवलं. हे शेजारचं गाव, टर्व्हिलपेक्षाही लहान, पण चर्च बघून हसूच येतं, कारण त्याचा नॉर्मन काळातला मनोरा चर्चपेक्षाच रुंद आहे आणि त्याच्यावर एक नाही तर दोन दुपाखी छपरं, शेजारी शेजारी, जुळ्या कौलारू घरांसारखी. आत गारवा. आम्ही बाकावर बसून दशम्या खाल्ल्या, म्हणजे बाहेरच्या बाकावर, आत नाही.

तिथे बसून बाबांना बिशपची गोष्ट सांगितली. चौदाव्या शतकात हे गाव लिंकनच्या बिशपकडे होतं, हेन्री बर्गर्श म्हणून बिशप, १३४० मध्ये वारला. ह्या महाराजांनी गावाचं गायरान कुंपण घालून स्वतःच्या शिकारीच्या राखीव रानात ओढलं. गरिबांची गुरं चरायची कुठे? लोकांनी शिव्याशाप दिले. तर कथा अशी की मेल्यावर बिशपला काही मुक्ती मिळेना, तो हिरव्या कपड्यातल्या फॉरेस्ट गार्डच्या वेषात, धनुष्यबाण आणि शिंग घेऊन, आपल्या एका जुन्या माणसाला दिसला आणि म्हणाला की बाबा रे, मी ह्या जमिनीचा राखणदार होऊन भटकतोय, जाऊन सांग त्यांना, कुंपणं काढा आणि ज्याची जमीन त्याला परत द्या. आणि म्हणे खरंच दिली.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. दशमीचा तुकडा हातात तसाच. मग म्हणाले, "बांध कोरणारा सगळीकडे सारखाच, पण ह्यांचा निदान भूत झाल्यावर तरी सुधारला. आपला तर अजून जिवंत आहे."

परतीला गुरांचं शेत लागलं. माझा नवरा, जो ऑफिसात चाळीस लोकांना सांभाळतो, तो फाटकापाशी थांबला कारण वीसेक तरणी गुरं पळत आमच्याकडे येत होती. इथे गाईंपासून खरंच सांभाळून राहावं लागतं, विशेषतः वासरं असतील आणि तुमच्याबरोबर कुत्रा असेल तर. बाबा मात्र छत्री काखेत मारून सरळ आत शिरले, "हॅ हॅ हॅ, सरा रे" आणि ती मराठी कळल्यासारखी बाजूला झाली. मग आमच्या मागे मागे, पूर्ण शेतभर, लग्नाच्या वऱ्हाडासारखी. पलीकडच्या फाटकाला किसिंग गेट म्हणतात, अर्धगोल पिंजरा आणि त्यात झुलणारं दार, एका वेळी एकच माणूस जातो आणि जनावराला जाता येत नाही. नाव ऐकून आई म्हणाली "शी", पण बाबांनी ते चारदा उघडून मिटून बघितलं, बिजागरी कुठे, कडी कुठे, आपल्याकडे करायला किती लोखंड लागेल.

आणि मग शेवटचं शेत. गहू, पोटरीच्या वर आलेला, गर्द हिरवा, आणि त्याच्या बरोबर मधून टर्व्हिलच्या दिशेला एक सरळ भांग पाडलेला. तिरपा नाही, बांधाच्या कडेने नाही, ऐन मधून. म्हणलं बाबा, असली शेतातून जाणारी वाट नांगरली तरी चालते, पण चौदा दिवसांच्या आत परत दाबून मोकळी करून द्यायची, आणि कमीत कमी एक मीटर रुंद. त्यांनी छत्री आडवी धरली. मग वाकून, हातभर इकडे हातभर तिकडे, नीट मोजलं. मीटरच्या वर चार बोटं भरली. ते तिथेच उभे राहिले, पँटला गुडघ्यापर्यंत पांढरा चिखल, वर घार, आणि कोपऱ्यातल्या लाकडी खांबावरच्या पिवळ्या बाणाचा फोटो काढला, मग वाटेचा काढला, मग छत्री वाटेत आडवी ठेवून एक काढला, पुराव्यासारखा. तिन्ही फोटो भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. खाली लिहिलं, 'इंग्लंड. शेतकऱ्याने पब्लिकसाठी सोडलेली वाट. कायद्याने.'

पबमध्ये पोचेपर्यंत चुलत काकांचं उत्तर आलेलं. तिकडे संध्याकाळ झालेली, निवांत असणार. 'एवढ्याशा वाटेने ऊस कसा काढणार?'

बाबांनी चिप्सची प्लेट बाजूला सरकवली आणि एका बोटाने उत्तर टाइप करायला घेतलं. आम्ही घरी पोचलो, मी बूट धुतले, आईने रानलसूण निवडला, तरी ते टाइपच करत होते.