सारसाची राखण

आज गोंदियाकडे सारसाच्या घरट्यांवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेच्या मंडळींसोबत धानाच्या बांध्यांतून फिरलो. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वात उंच असलेला सारस महाराष्ट्रात उरलाय तो मुख्यतः याच भागात. अध्यक्ष पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून धुऱ्यावरून पुढे, मागे कॉलेजची पोरं. बांधीच्या मधोमध उपटलेल्या धानाचा ढीग, तेच घरटं. पक्षी उठला तेव्हा दुर्बिणीतून दोन अंडी दिसली! नर-मादी आळीपाळीने महिनाभर उबवतात. तेवढं पीक गेलंच, तरी बांधीचा मालक रोज कुत्री हाकलतो. म्हणाला, "धान पुढच्या साली होते जी, सारस कोठून आणाचा?" देणगीदारांची नावं संस्थेच्या फलकावर लागतात, लागावीतच. पण या माणसाचं नाव सगळ्यात वर हवं. अध्यक्षांनी तिथंच बसून त्याच्या भरपाईचा अर्ज लिहिला. शेतावरून गेलेल्या विजेच्या तारांचाही मुद्दा त्यात घातलाय. तारांना धडकून सारस मरतात.